वारणेची ओटी

वाडी, शिराळ्याजवळ
२८ जून १९४४

सांगलीस कॉलेजात गेलेल्यांस, घरी राहिलेलीचा नमस्कार.

नवऱ्याला पत्र लिहिताना मायना काय घालायचा हे आम्हांला शाळेत शिकवलं नाही. वडिलांना लिहायचा शिकवला, मैत्रिणीला शिकवला, हेडबाईंना रजेचा अर्ज शिकवला. नवऱ्याचा धडा यायच्या आधीच माझी शाळा सुटली. तेव्हा जमेल तसं लिहिते.

इथे सगळी बरी आहेत. पाऊस आला की मामंजींचा गुडघा दुखतो आणि मग ते पलटणीच्या गोष्टी सांगतात. तुम्ही कॉलेजात गेलात हे गावाला अजून पटलेलं नाही. आमच्या सांगलीच्या गल्लीत मॅट्रिक झालेला मुलगा कॉलेजात गेला नाही, तर लोक विचारतात, आजारी आहे का? इथे तुम्ही गेलात तर विहिरीवर बायका मला विचारतात, "घरात काय भांडान झालं व्हय गं? चांगलं पलटणीत जायाचं सोडून त्यो सांगलीला कशाला गेला?" मी सांगते, शिकायला गेलेत. तर म्हणतात, "मॅट्रिक झाला की! आनी काय ऱ्हायलंय शिकायचं?"

तुमच्या नवसाची खरी हकिकत मला परवा कळली, तीही तुमच्या धाकट्या बहिणीकडून, जात्यावर बसल्या बसल्या. लग्नाआधी आम्हांला एवढंच सांगितलं होतं, की मुलाचा काही नवस आहे, बायको आल्याशिवाय त्याला नदी ओलांडता येत नाही. म्हणून लग्न मुलाच्या दारात. माझे वडील नानासो म्हणाले, असेल, मुलगा शिकणारा आहे ना, बास. तुमच्या आधीचा थोरला वारणेच्या नावेतून गेला, तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, माहेरी निघाल्या होत्या, नाव कलली आणि पोर कडेवरून सुटलं, हे धोंडूबाईनं सांगितलं तेव्हा माझा हात जात्यावर थांबला. तुम्ही पोटात असताना आत्याबाई दोन्ही नद्यांना बोलल्या: ह्याला जगू दे, कृष्णा आणि वारणा दोघींच्या मधल्या मुलखातच ठेवीन, पलीकडची सून आणीन, जोडप्यानं दोघींची ओटी भरली की मगच त्याचा पाय मोकळा. आणि तुम्ही खरंच मधल्या मुलखात राहिलात. कराडला शिकलात, कराड मधेच येतं. पुढे काय? कोल्हापूरचं कॉलेज वारणेपलीकडे, सांगलीचं कृष्णेपलीकडे, आणि साताऱ्याला कॉलेजच नाही.

म्हणजे साताऱ्याला कॉलेज असतं तर माझं लग्न झालं नसतं. हे तुमच्या लक्षात आलंय का? माझ्या आलंय. भाकरी थापताना हात गुंततात, डोकं रिकामंच असतं.

रागानं लिहीत नाही. सांगलीवाडीच्या काठावर आपण कृष्णेची ओटी भरली आणि पुलावर चढलो, तेव्हा तुम्ही माझा हात किती घट्ट धरला होतात! डोळे मिटून चालत होतात. एवढा थोरला बाप्या, आणि पाण्याकडे बघायची हिंमत नाही. मी पुढे, तुम्ही मागे. पलीकडे पाय टेकल्यावर म्हणालात, "शरयू, तू मला पल्याड आणलंस. म्होरल्या जूनला मी तुला तुझ्या साळंत बसवतो. मॅट्रिक तू सांगलीतच व्हशील. आईच्यान." माझं नाव तेव्हा शेवटचं ऐकलं. नदीचं नाव घरात नको म्हणून आत्याबाईंनी मला शालू केलंय.

वारणेची ओटी तेवढी राहिली. कॉलेजात नाव घालायची मुदत संपत आलेली, म्हणून मामंजी म्हणाले होते, "कॉलेज कृष्णंच्या पल्याड हाय, वारणंच्या न्हवं. आदी हिचं बघू." आत्याबाई कबूल झाल्या, पण बऱ्या मनानं नाही. दसऱ्याला याल तेव्हा भरून टाकू.

तुमच्या घरची,
शालू (शरयू)


वाडी
नागपंचमीनंतरचा सोमवार, १९४४

नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, त्यातल्या दोन पावसाच्या. पाऊस इथेही पडतो.

पहिली पंचमी, म्हणून माझा भाऊ मधू मला माहेरी न्यायला आला होता. शिराळ्याच्या नागांची मिरवणूक बघितली, पुरणाची दिंडं खाल्ली आणि एकटाच परत गेला. आत्याबाईंनी सोडलं नाही. म्हणाल्या, "दोगांतलं एक पल्याड गेलंय. वारणामायची ओटी व्हईस्तवर दुसऱ्यानं अल्याडच ऱ्हायाचं. न्हाईतर ती म्हनंल, मला फशिवलं." मामंजींनी समजावलं. त्या चुलीपुढे बसूनच राहिल्या. मग मीच मधूला म्हटलं, जा रे, दसऱ्याला हे यायचेत, मग येईन.

बाकीच्या सगळ्या पोरी माहेरी आलेल्या, झाडांना झोके, फुगड्या. मी एकटी सासरी उरलेली. मला रडू आलं, ते धोंडूबाईनं बघितलं आणि गावभर सांगितलं.

दसऱ्याला या. मी इंग्रजी सहावीची, मॅट्रिकच्या आदल्या वर्षाची, पुस्तकं मधूकडून मागवली आहेत.

शरयू


वाडी
तुळशीच्या लग्नानंतर, १९४४

दसऱ्याला आला नाहीत. दिवाळीला आलात ते पाटलोण घालून आलात, आणि पानावर बसून म्हणालात, "नदीला खण-नारळ दिल्यानं कोणी पास होत नाही आणि न दिल्यानं कोणी मरत नाही. मी असलं काही मानत नाही आता." आत्याबाई भरल्या ताटावरून उठल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमचं वाक्य खरं असेल. मीही शाळेत शिकलेय, नदी डोंगरात उगम पावते आणि समुद्राला मिळते. पण तुम्ही ते कोणापुढे बोललात? जिच्या कडेवरचं पोर त्या पाण्यात गेलं तिच्यापुढे. त्या दिवसापासून तिनं स्वतःचं माहेर बघितलेलं नाही, हे तरी तुम्हांला ठाऊक आहे का?

आणि माझं काय? न मानणं तुम्हांला सोपं आहे. तुमचा पाय मोकळा झालाय. तुम्ही मानत नाही, म्हणून मी इथे अडकून पडायचं, हा कुठला न्याय? तुम्ही काही मानू नका. एक दिवस या, वारणेच्या काठावर माझ्याशेजारी उभे राहा, मी ओटी भरीन, तुम्ही हवं तर दुसरीकडे तोंड करा. संध्याकाळच्या आत परत जा. जून यायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

राग आलाय. तो लपवायला मला येत नाही.

श.


वाडी
१९ जून १९४५

जून आला.

पास झालेल्यांत तुमचं नाव नाही, हे मला मधूनं कळवलं. मधू तुमच्याच वर्गात, तो पास झाला. तुम्ही कळवलं नाहीत. पाऊस मात्र कळवलात.

मधूकडून सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. प्रोफेसर इंग्रजीत भराभर बोलतात आणि कराडकडून आलेल्या पोरांना निम्मं कळत नाही. एकदा तुम्ही उभं राहून बरोबर उत्तर दिलंत, सांगताना मधेच "हाय" म्हणून गेलात आणि वर्ग हसला. त्यानंतर तुम्ही तोंड उघडलं नाहीत. मग वर्गातच गेला नाहीत, घाटावर बसायचा. मी मधूला पत्रात विचारलं, तू हसला होतास का? त्याचं त्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. म्हणजे हसला. त्याला मी चांगलं खरमरीत लिहिलंय, त्यातला एक शब्दही इथे लिहिण्याजोगा नाही.

अहो, कराडला तुम्ही वर्गात पहिले यायचात ना? मग सांगलीत गेल्याबरोबर डोकं बदललं का? डोकं तेच आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांच्या घरी बाप वकील, काका मास्तर, जेवताना इंग्रजी कानावर पडतं. तुमच्या कानावर काय पडलं? बैलाची घुंगरं आणि मामंजींचं "लेफ्ट राइट." याची लाज वाटण्यासारखं काय आहे? मला लिहिलं असतंत तर मी उतारे सोडवून धाडले असते. इंग्रजी माझं चांगलं आहे, हे तुम्हांला माहीत होतं. पण बायकोला विचारायचं म्हणजे मिशीला पीळ कसा राहायचा.

आत्याबाई म्हणतात, "बग, वारणामायनं धरलंच शेवटी. एकीला दिलं आन दुसरीला हात हलवीत ठेवलं. ती काय गप बसंल व्हय?" मी म्हटलं, आत्याबाई, नदी कशाला नापास करेल, इंग्रजीनं नापास केलंय. म्हणाल्या, "त्ये इंग्रजी बी तिच्याच पल्याडचं."

पुन्हा बसा परीक्षेला. आणि मला शाळेत बसवायचं वचन राहू द्या. तुमची कराडची पुस्तकं कणगीमागच्या ट्रंकेत सापडलीत, त्यांवर मी घरूनच तयारी करते. बाहेरून परीक्षेला बसता येतं, नानासोंनी चौकशी केलीय. सोबत धोंडूबाईलाही बसवते. पोरीला अक्षर लागतंय.

एक दिवस या. तेवढंच मागते.

शरयू


वाडी
८ फेब्रुवारी १९४६

नमस्कार.

नानासोंनी माझा मॅट्रिकचा फॉर्म भरला. सांगलीचं केंद्र घातलंय. त्यांना वाटलं, लेक माहेरी राहून परीक्षा देईल. परीक्षा मार्चमध्ये आहे.

सगळा अभ्यास झालाय. भूमिती पाठ आहे, संस्कृत पाठ आहे. आता अडतंय ते एका खण-नारळावर आणि तुमच्यावर. आत्याबाईंचे मी पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पोटाशी धरलं, त्या रडल्या सुद्धा, पण "तू पुलावर पाय टाकलास आन त्याला काय झालं तर?" याच्या पुढे त्या जाईनात. "त्यो" म्हणजे तुम्ही. तुम्हांला काही होऊ नये म्हणून मी इथे आहे, आणि तुम्हांला यायला सवड नाही.

चोरून जायचं मनात आलं होतं. शिराळ्यापर्यंत गाडी, पुढे मोटार, काय अवघड आहे? पण मी पुलावर असताना ती बाई इथे चुलीपुढे बसून काय काय बघेल, ते मला कळतं. तिच्या जिवाला दुसऱ्यांदा तो घोर लावायची माझी छाती होत नाही. तुमची होते. म्हणून तुम्हांला सांगते, या.

मित्र हसतील म्हणता. हसू द्या. आधीही हसलेत, मेला नाहीत. एका दिवसाचं काम आहे. या हो.

तुमची शरयू


वाडी
मार्च १९४६

आज इंग्रजीचा पेपर झाला.

आमच्याकडे गुऱ्हाळ चालू आहे. मी दिवसभर चुलवाणात चिपाडं घातली.

पत्र पाठवू नका.


वाडी
१२ डिसेंबर १९४६

पत्र पाठवू नका म्हटलं, तर खरंच पाठवलं नाहीत. एवढी एकच गोष्ट माझी ऐकलीत.

मधूकडून कळलं की तुम्ही कॉलेज सोडलंत आणि हळदीच्या पेढीवर कारकून झालात. मामंजींना मी सांगितलं नाही, त्यांना बाजाराला आलेल्या माणसाकडून कळलं. मग म्हणाले, "पलटणीत गेला असता तर निदान हवालदार झाला असता."

हे पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मार्चपासून मी पुस्तक उघडलं नव्हतं. आत्याबाई बघत होत्या. माझ्या ताटात तूप जास्त पडायला लागलं. परवा धोंडूबाई मोठ्यानं वाचत बसली होती, भूगोल, सातारा जिल्ह्यातल्या नद्या. आत्याबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "थांब. कराडास्नं साताऱ्याला जाताना कृष्णाबाई आडवी येती का?"

धोंडूबाईनं नकाशावर बोट फिरवलं. म्हणाली, न्हाई, ती उजव्या हाताला ऱ्हाती. मोठी अशी कोयनाच लागती.

"कोयना?" आत्याबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. "कोयनंला म्या काय बोलले न्हवते. कोयनंचा आन माझा काय येव्हार न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "शाले, तुजी ती परीक्षा साताऱ्यात व्हती का गं?"

होते, हो! साताऱ्यात केंद्र आहे, कायमचं आहे. ते नानासोंना सुचलं नाही, मधूला नाही, मला नाही. सांगलीच्या माणसांना शिकणं म्हटलं की सांगलीच दिसते. मी पुलाकडे तोंड करून बसून राहिले आणि पाठीमागे रस्ता मोकळा होता. मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते थांबेना. आत्याबाई म्हणाल्या, "रडतीस काय येड्यावानी? पुस्तक काड."

फॉर्म मामंजी स्वतः साताऱ्याला जाऊन देऊन आले, छातीवर बिल्ले लावून.

तुम्ही यावं म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या घरात काय चाललंय ते तुम्हांला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

शरयू


सातारा
२९ ऑगस्ट १९४७

हंबीरराव,

नावानं लिहिलं म्हणून दचकू नका. इथे रोज हजेरीला माझं नाव घेतात, शालू नाही, शरयूच, आणि मी सगळ्या मुलांच्या देखत "हजर" म्हणते. रोज आपलं नाव ऐकलं की दुसऱ्याचं घ्यायची भीती जाते.

तुमचं पत्र वाडीवरून फिरून इथे आलं. वारणेची ओटी भरायला येतो म्हणता. पेढीवरून रजा काढतो, आईपुढे उभा राहतो, मित्रांची पर्वा नाही म्हणता. तीन वर्षं ज्या ओळीची वाट बघितली ती ओळ हातात आली, आणि तिचं काय करायचं ते कळेना.

कारण ओटी भरून झाली.

मी मॅट्रिक पास झाल्याचं जूनमध्ये कळलं. त्याच सुमारास मामंजींनी बातमी आणली, की साताऱ्यात कॉलेज निघतंय. सरळ साताऱ्यातच, नदीच्या अलीकडे! मला आधी आनंद झाला नाही, खरं सांगते. आधी वाटलं, आत्ता? तीन वर्षं आधी निघायला याला काय झालं होतं? तुम्ही घरून ताक-भाकरी बांधून गेला असतात, आणि मी सांगलीत माझ्या शाळेच्या पायऱ्या चढत असते. आपण दोघं एकमेकांना ओळखतही नसतो. त्यावर मी पुष्कळ रडले. मग आत्याबाईंनी हाक मारली आणि म्हणाल्या, "ऊठ. नवी साडी नेस. वारणंला जायाचं हाय."

मी म्हटलं, ते आल्याशिवाय?

"नवस म्या बोलले हुते. माझ्या तोंडचा सबूद. त्यो सुटला आन तू अडकलीस, ह्यो कुठला न्याव? माझा हाय, म्याच फेडते."

बैलगाडीतून गेलो, आम्ही दोघी आणि धोंडूबाई. काठ जवळ आला तशा आत्याबाई गाडीतून उतरून पायी चालायला लागल्या. अहो, तेवीस-चोवीस वर्षांनी ती बाई ते पाणी बघत होती. मी त्यांचा हात धरला. पाण्यात पाय बुडेपर्यंत आम्ही गेलो. खण, नारळ, तांदूळ, सगळं त्यांनी माझ्या हातांनी सोडलं, आपला हात माझ्या हाताखाली धरून. मग नदीला म्हणाल्या, "बया, एक पोर तू घेतलंस. एक म्या भ्यानं बांदून ठेवलं, त्ये बी माझं ऱ्हायलं न्हाई. आता ही एक हाय. हिला काय करू नगं. ही शिकतीया." एवढंच. धोंडूबाई मोठ्यानं रडायला लागली, तिला गप्प करता करता आम्ही दोघी रडलो.

नाव लागलेली होती. मी म्हटलं, आत्याबाई, पलीकडे तुमचं माहेर. त्या बराच वेळ काठावर उभ्या राहिल्या. मग बसल्या नावेत, माझ्या दंडाची कातडी निघेल अशी पकड. भावजयीनं ओळखलंच नाही त्यांना.

दुसऱ्या आठवड्यात मी साताऱ्याला आले. मामंजींचे पलटणीतले दोस्त कोंडीबा, त्यांच्या घरी राहते. मध्यंतरी झेंडा लागला, साखर वाटली, सगळं बघितलं. मी सांगलीलाही जाऊ शकले असते, आता कुठलीच नदी मला आडवी येत नाही. माहेर होतं, जुनं कॉलेज होतं, तुम्ही होतात. मी सातारा धरला. का, ते सांगते, राग मानू नका. तिथे गेले असते तर मी कुणाची तरी बायको म्हणून, कुणाची तरी लेक म्हणून गेले असते. इथे आत्याबाईंनी धाडलंय.

आता तुमचं. "ओटीसाठी येतो" म्हणालात, ते उशिरा म्हणालात. त्याचा सल माझ्या मनातून लवकर जायचा नाही, आणि गेलाय असं खोटं लिहिणार नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहून खोडलीय. मी ती उजेडात धरून वाचली: "कॉलेज कसं आहे?"

सांगते. इमारत धड नाही. बाकं कमी आहेत, काही मुलं मांडी घालून बसतात. वर्गात पाटण, जावळी, कोरेगाव, माण, सगळीकडची पोरं आहेत, कुणाच्या अंगात बापाचा पलटणीतला कोट. प्रोफेसर इंग्रजीत सांगतात आणि मग मराठीत विचारतात, कळलं का? परवा एकजण उभा राहून म्हणाला, "न्हाई कळलं." कोणी हसलं नाही. प्रोफेसरांनी पुन्हा सांगितलं. मी बाकावर बसून तुमची आठवण काढली. एवढंच हवं होतं तुम्हांला, दुसरं काय हवं होतं?

पुढच्या जूनला नाव घालता येईल. तुम्ही पहिल्या वर्षाला बसाल तेव्हा मी तुमच्या पुढच्या वर्गात असेन, आणि रस्त्यातून जाताना मी पुढे, तुम्ही मागे, असं लोकांना दिसेल. सोसवणार असेल तर या, नसेल तर पेढी बरी. पुलावरही मी पुढे होते आणि तुम्ही मागे, तेव्हा तुम्हांला लाज वाटली नव्हती.

आत्याबाई वाट बघतात. त्यांना आधी भेटा, मग इकडे. कराडवरून आलात तर वाटेत कोयना लागते. तिला कोणी काही बोललेलं नाही.

शरयू